चाकणची चार वर्षं सीव्हीत वर घ्या

वाचकाचं पत्र

मी ३८ वर्षांचा आहे, हिंजवडीत जावा डेव्हलपर आहे. बाबा पिंपरीला टर्नर होते. पाचवीत असताना शाळेत कॉम्प्युटर आले, लोगो आणि बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकवल्या आणि मला वेडच लागलं. नववीत आमच्या गणपती मंडळाच्या वर्गणीच्या पावत्यांचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. बारावीनंतर कॉम्प्युटरला नंबर लागला नाही, म्हणून मेकॅनिकल केलं. २००८ ला बाहेर पडलो तेव्हा मंदी, मिळेल ती नोकरी घेतली आणि चाकणला एका व्हेंडरकडे क्वालिटीत लागलो. चार वर्षांनी संध्याकाळचा क्लास करून टेस्टिंगमध्ये शिरलो, मग तीन वर्षं रात्रपाळीचा सपोर्ट, आणि ३१ व्या वर्षी एकदाचा डेव्हलपर झालो. आज माझा टीम लीड माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे. गेल्या महिन्यात एका इंटरव्ह्यूत विचारलं, ‘तुमचं करिअर इतकं तुटक का?’ मला उत्तर देता आलं नाही. आता कंपनी डिलिव्हरी मॅनेजरची जागा देते आहे, त्यात कोड सुटेल. बायको म्हणते, घे. एआय कोड लिहितंय, तेव्हा डेव्हलपर राहून तरी काय करणार, असंही वाटतं. मुलगा आठ वर्षांचा आहे, स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत गेम बनवतो. त्याला आत्तापासूनच सरळ रस्त्याला लावू का? आणि माझी मधली दहा वर्षं वाया गेली का?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे, इथे जागेपुरतं छोटं केलंय. त्यातला एक परिच्छेद मात्र वाचकांना सांगते, कारण तुमच्या बऱ्याचशा प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे आणि तुम्ही तो ‘जाता जाता’ म्हणून लिहिलाय.

चाकणला तुमच्याकडे एका पार्टचं बोअरिंग, म्हणजे त्यातलं भोक (बोअर) मापात कोरायचं काम, सीएनसी या कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर व्हायचं. दर तासाला एक पीस तपासून बोअरचा व्यास रजिस्टरमध्ये लिहायचा, आणि शिफ्ट संपली की रजिस्टर कपाटात. व्यास लिमिटबाहेर गेलेला सापडला की मशीन थांबवायचं, पण तोवर मधल्या तासाभराचे पीस रिजेक्ट झालेले असायचे. तुम्ही ते आकडे एक्सेलमध्ये भरायला लागलात, एक्सेलच्याच व्हीबीए भाषेत मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिलात, आलेख काढलात. तेव्हा दिसलं की व्यास एकाएकी बिघडत नाही. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत जातो तसा व्यास मायक्रॉन-मायक्रॉनने कमी होत जातो, आणि लिमिट यायच्या खूप आधी त्याचा कल कळतो. मग तुमचा मॅक्रो सांगायला लागला, आता ऑफसेट द्या, म्हणजे झिजेइतकं हत्यार सरकवा. ऑपरेटर आधी वैतागला. नंतर तोच शेजारच्या मशीनसाठीही मागायला आला.

आणि यावर तुमचं वाक्य काय, तर ‘तेव्हा थोडंफार एक्सेल करायचो.’

अहो, हे पुरेपूर सॉफ्टवेअरचं काम आहे. अडचण तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. आकडे कुठून येतात हे तुम्हाला माहीत होतं, आणि त्यातला कोणता आकडा न मोजता अंदाजाने लिहिलाय हेसुद्धा ओळखता येत होतं. वापरणारा माणूस दोन पावलांवर उभा होता. त्याने शिव्या दिल्या, मग वापरलं, मग अजून मागितलं. आपला कोड नेमका कोण वापरतो आणि त्याचं काय अडतं, हे वर्षानुवर्षं न पाहिलेले कितीतरी हुशार डेव्हलपर हिंजवडीत बसलेले आहेत. तो त्यांचा दोष नाही, कामाची विभागणीच तशी असते. तुम्हाला मात्र ते पंचविशीच्या आत मिळालं. नववीत लिहिलेला वर्गणीचा प्रोग्रॅम आणि हा मॅक्रो हे एकाच माणसाचं एकाच जातीचं काम आहे. छंद कुठेही सुटलेला नव्हता. फक्त तुमच्या पदाच्या नावात ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द नव्हता.

आता वाया जाण्याबद्दल. सगळंच काही ना काही शिकवून जातं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. टेस्टिंगच्या तीन वर्षांबद्दल तुम्ही लिहिलंय की त्याच त्या टेस्ट केसेस एक्सेलच्या शीटमध्ये ‘पास’, ‘पास’ भरत राहिलो, काही हाती लागलं नाही. मग तसंच असेल. त्या पगारावर तुमच्या आईचं ऑपरेशन झालं आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण पुरं झालं, असंही त्याच पानावर आहे. त्या वर्षांनी आपलं काम केलं. त्यांना ओढूनताणून करिअरचा अर्थ चिकटवायची गरज नाही. सीव्हीत एक ओळ पुरे.

सपोर्टचं तसं नाही, आणि इथे मी तुमच्याशी भांडणार आहे. रात्री अडीचला उठून लॉग वाचणं हे तुम्हाला हलकं काम वाटतं. पण तुम्हीच सांगितलेला तो मार्चमधला रविवार घ्या. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी त्या पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं, दोन ते तीन हा तास त्या दिवशी नसतोच. अडीचला आपोआप चालायला लावलेला जॉब चाललाच नाही, एररही आली नाही, सोमवारी क्लायंटचा फोन आला. नोव्हेंबरमध्ये उलटं होतं. एक ते दोन हा तास दोनदा येतो आणि त्या वेळेला लावलेलं काम दोनदा होऊ शकतं. त्यात पैसे कापले जात असतील तर ग्राहकाचे दोनदा कापले जातात. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. रात्रपाळीत ज्याची झोप यापायी गेलेली असते तो पुढे कोड लिहिताना वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या आणि कधी पुढेमागे न होणाऱ्या प्रमाणवेळेत, साठवतो, आणि एखादं काम चुकून दोनदा चाललं तरी बिघडणार नाही अशी सोय आधीच करतो. तुमच्या लीडने अलीकडे तुमच्या डिझाइनला ‘फार सावध’ म्हटलं, असं तुम्ही थोडं खट्टू होऊन लिहिलंय. तो सावधपणा त्या तीन वर्षांचा आहे. तो जपा.

लीड वयाने लहान आहे यावर मी फार वेळ घालवत नाही. पत्रावरून तो तुमच्याशी नीट वागतो, तुमचं ऐकतो आणि अडला की विचारतो. मग त्याचं वय हा तुमचा प्रश्न नाही. या क्षेत्रात हे असंच चालत राहणार.

‘इतकं तुटक का’ या प्रश्नाने तुम्हाला फारच दुखावलंय. तो विचारणाऱ्याला बहुधा माहीत नसेल की आपल्या शहरात हा उद्योग ज्यांनी उभा केला त्यांतले कितीतरी आडवाटेनेच आले. फकीरचंद कोहली १९६९ मध्ये टीसीएसमध्ये आले ते टाटांच्या वीज कंपनीतून. विजेच्या जाळ्याचं काम करणारा माणूस पुढे सॉफ्टवेअर उद्योगाचा पाया घालतो, आणि १९८१ मध्ये पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था त्यांच्याच पुढाकाराने उभी राहते. विजय भटकर इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. कैलास काटकरांचं शिक्षण दहावीपर्यंतचं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात, मग पुण्यातच स्वतःचं दुरुस्तीचं काम, मग कॉम्प्युटर दुरुस्ती, आणि धाकटा भाऊ संजय यांनी लिहिलेल्या अँटिव्हायरसमधून पुढे क्विक हील ही कंपनी उभी राहिली.

ही नावं मी तुम्हाला धीर द्यायला घेत नाही. मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगून धीर दिलेला मला आवडत नाही. अशा प्रत्येकामागे त्याच वाटेने निघून कुठेच न पोचलेले पुष्कळ असतात. मला दाखवायचंय ते काटकरांच्या गोष्टीतलं एकच. अँटिव्हायरसची गरज त्यांना दुरुस्तीच्या टेबलावर दिसली, कारण बिघडलेली मशीन्स तिथेच येत होती. आधीचं काम नंतरच्या कामाच्या पोटात गेलं. तुमच्या सीव्हीत नेमकं हेच घडलेलं नाही. तुम्ही चाकण सगळ्यात खाली, बारीक अक्षरात टाकलंय, जणू काही ते लपवायचं आहे. मग वाचणाऱ्याला तुकडेच दिसणार.

म्हणून सीव्ही बदला. कंपन्यांची यादी दुसऱ्या पानावर जाऊ दे. पहिल्या अर्ध्या पानात तीन कामं येऊ द्या: बोअरिंगचा मॅक्रो, सपोर्टमध्ये तुम्ही शोधलेला तो वेळेचा घोळ, आणि गेल्या सात वर्षांत जावामध्ये बांधलेलं सगळ्यात अवघड मॉड्यूल. प्रत्येकी तीन-चार ओळी, काय अडत होतं आणि तुम्ही काय केलंत एवढंच. रिजेक्शन किती कमी झालं हा आकडा पक्का आठवत असेल तर लिहा. नसेल तर बनवू नका. समोरचा मेकॅनिकलवाला निघाला तर दुसऱ्या प्रश्नाला पकडेल.

आणि तोंडी उत्तर असं द्या: ‘मी चार वर्षं प्रॉडक्शन लाइनवर क्वालिटी पाहिली आणि तिथे रिजेक्शन कमी करायला स्वतः टूल लिहिलं. नंतर टेस्टिंग आणि सपोर्टमध्ये चालू सिस्टिम कुठे आणि कशी मोडते ते पाहिलं. गेली सात वर्षं जावामध्ये सिस्टिम बांधतोय.’ एवढं बोलून थांबा. कॉम्प्युटरला नंबर लागला नव्हता, मंदी होती, घरची परिस्थिती होती, यातलं काही सांगू नका. ते खरं आहे, पण ते सांगताना तुमचा आवाज माफी मागायला लागतो. घरी चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहा. बायकोला समोर बसवा, ती कुठे अडवते ते बघा.

अर्ज कुठे करायचे, यावर माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही आत्तापर्यंत बँकिंग आणि विमा कंपन्यांच्या प्रोजेक्टसाठी अर्ज करत होता. तिथे तुमच्यासमोर सरळ रस्त्याने आलेली, वयाने लहान, तेवढंच जावा येणारी मुलं असतात, आणि चाकणची किंमत तिथे शून्य. पुण्यात राहून वाहन उद्योगाकडे पाठ का फिरवता? १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांच्या चाचणीची आणि संशोधनाची संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे, पिंपरी-आकुर्डी-चाकण तुम्हाला मी काय सांगायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले तेव्हा इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधलं, सेन्सरचं, निदानाचं सॉफ्टवेअर किती वाढलं हे तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारा.

यात दोन वाटा आहेत. एक म्हणजे एम्बेडेड: गाडीतल्या कंट्रोल युनिटसाठी सी या भाषेत कोड, तो सुरक्षित लिहायचे मिस्राचे नियम, आयएसओ २६२६२ सारखं सुरक्षेचं मानक. काम फार सुंदर आहे, पण तुम्हाला ३८ व्या वर्षी जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल आणि पगार खाली येईल. घराचा हप्ता चालू असताना मी ते सुचवणार नाही. दुसरी वाट तुमच्या दाराशी आहे. कारखान्यातल्या मशीन्सचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा डेटा गोळा करणाऱ्या सिस्टिम, प्रॉडक्शन लाइनवर कोणता पार्ट कुठे आहे याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर. या सगळ्यांचं सर्व्हरकडचं काम बऱ्याच ठिकाणी जावातच चालतं. तिथे इंटरव्ह्यू घेणाऱ्याला ‘ऑफसेट’, ‘इन्सर्ट’, ‘पहिल्या शिफ्टचा पहिला पीस’ हे शब्द कळणारा डेव्हलपर हवा असतो आणि तो सहज मिळत नाही. तिथे तुमची चार वर्षं मोजली जातील.

उडी मारण्याआधी आवड अजून शिल्लक आहे का, ते स्वस्तात पाहून घ्या. तुमच्या गाडीत स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीचं निदान करायचं, पोर्ट असेल. त्यात लावायचा ब्लूटूथचा छोटा डोंगल काही शे रुपयांत मिळतो. लॅपटॉपवरून त्याला ‘०१०सी’ पाठवा, म्हणजे इंजिनाचे फेरे विचारलेत. उत्तर येईल, समजा, ‘४१ ०सी १ए एफ८’. शेवटची दोन बाइट्स घ्या. १ए म्हणजे २६, त्याला २५६ ने गुणा, एफ८ चे २४८ मिळवा, चारने भागा: मिनिटाला १७२६ फेरे. हे दर सेकंदाला वाचून डेटाबेसमध्ये टाका, आलेख काढा. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसून हे करताना दोन तास कसे गेले ते कळलं नाही, तर तुम्हाला कुठे जायचंय ते कळलं. आणि अर्ध्या तासात कंटाळा आला, तर तेही उत्तर आहे. मग मॅनेजरच्या जागेचा विचार मोकळ्या मनाने करा. लहानपणचा छंद आयुष्यभर सांभाळलाच पाहिजे असं काही नाही, आणि नववीतल्या मुलाचं कुठलं देणं तुम्ही लागत नाही.

एआयबद्दल थोडक्यात. साचेबंद कोड टूल लिहून देतं, तुम्ही रोज पाहता. तेवढ्याच कोडवर जगणाऱ्यांचं काम आकसणार, हे मी गोड करून सांगणार नाही. पण तुमच्या चाकणच्या रजिस्टरमधले आकडे टूलला दिले असते तर त्याने आलेख क्षणात काढला असता. त्यातले तिसऱ्या शिफ्टचे आकडे न मोजता भरलेत, हे मात्र शॉप फ्लोअरवर उभं राहिलेल्यालाच कळणार. टूल वापरा, भरपूर वापरा, आणि त्याने दिलेल्या कोडमध्ये तो मार्चचा रविवार शोधायची सवय ठेवा.

मुलाचा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं. तो आठ वर्षांचा आहे, त्याला कसला रस्ता? तुम्ही त्याच्यासाठी नऊ हजार रुपयांचा ऑनलाइन कोडिंग कोर्स पाहून ठेवलाय. राहू दे. स्क्रॅच फुकट आहे. २००७ मध्ये एमआयटीने ते सगळ्यांसाठी खुलं केलं ते याच वयाच्या मुलांसाठी, आणि ते तुमच्या शाळेतल्या लोगोच्याच घराण्यातलं आहे. त्याने बनवलेला गेम तुम्ही खेळा. मांजर भिंतीतून आरपार जात असेल तर जाऊ दे, त्याला खटकेल तेव्हा तो विचारायला येईल. तुम्हाला पाचवीत कुणी सरळ रस्त्याला लावलं नव्हतं, एका कॉम्प्युटरवर तिघं बसून आळीपाळीने लोगोतलं कासव हलवत होता आणि तरीही वेड लागलं. आणि कोर्सची घाई मुलासाठी आहे की ३८ वर्षांच्या बापासाठी, हे एकदा स्वतःला विचारा. त्याला उद्या तबला आवडला तर?

उरली मॅनेजरची जागा. यात तुमची पत्नी चुकीची नाही. पगार वाढेल, आणि गेल्या तीन अप्रेझलनंतर तुम्ही घरात किती दिवस गप्प होतात ते तिने पाहिलंय. तिला तुम्ही सुटावंत असं वाटतं. पण लाज वाटते म्हणून ती जागा घेऊ नका. डिलिव्हरी मॅनेजरचं काम म्हणजे क्लायंटचे कॉल, माणसांच्या रजा, बिलिंग, कोण सोडून चाललंय त्याची काळजी. ज्यांना माणसं सांभाळायला आवडतात त्यांनी ते जरूर करावं, ते चांगलं काम आहे. तुमच्या चार पानांत माणसं सांभाळण्याबद्दल एक ओळ नाही आणि बोअरच्या व्यासाबद्दल दीड पान आहे.

कंपनीला सरळ विचारा की तुमच्याकडे आर्किटेक्ट किंवा टेक्निकल लीडची वाट आहे का, आणि वाहन उद्योगाचं एखादं अकाउंट असेल तर आतल्या आत बदली होईल का. पुष्कळदा हे कुणी विचारतच नाही म्हणून मिळत नाही. नाही म्हणाले तर बाहेर शोधा, पण हातात ऑफर लेटर आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तुमचा नोटिस पिरियड ९० दिवसांचा आहे, तेवढं थांबायची तयारी नव्या कंपनीकडून आधीच लिहून घ्या.

महिनाअखेर उत्तर द्यायचंय म्हणता, म्हणजे मध्ये दोन शनिवार आहेत. पहिल्या शनिवारी दोघं कागद घेऊन बसा. हप्ता, शाळेची फी, बाबांची औषधं, हाताशी असलेली शिल्लक, सगळं मांडा. मॅनेजरची वाढ नाही मिळाली तर काय अडतं आणि किती महिने अडतं, हे आकड्यांत पाहू दे तिला. तिचा होकार आकडे पाहून आला पाहिजे, तुमचा चेहरा पाहून नको. मग सोमवारी मॅनेजरकडे पंधरा मिनिटं मागा आणि बदलीचं विचारा. ‘नाही’ तोंडी सांगू नका, त्यांच्याकडून काय पर्याय येतो तो ईमेलवर येऊ दे, आणि तो आल्यावरच जागेबद्दलचं तुमचं उत्तर पाठवा.